सिंधमधून आलेली मुले आणि इंदूरच्या शाळा

निवृत्त शिक्षिका, रामबाग
काल एका सद्गृहस्थांनी लिहिले की, सिंधमधून इंदूरला आलेली हिंदू मुले आपल्याच माणसांत आली आहेत, देव तेच, सण तेच, शहरात सिंधी वस्तीही मोठी, तेव्हा शाळांनी त्यांच्यासाठी वेगळे काही करण्याचे कारण नाही. हे वाचून राहवले नाही. माझ्या सहावीच्या वर्गात अशी एक मुलगी आली होती. पहिल्याच दिवशी तिने वही मागच्या बाजूने उघडली, कारण सिंधमध्ये सिंधी भाषा अरबी वळणाच्या ५२ अक्षरी लिपीत, उजवीकडून डावीकडे लिहितात. त्या लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत, म्हणून ती ‘दिन’चे ‘दन’ आणि ‘गुलाब’चे ‘गलाब’ करी. मी महिनाभर तिच्या वहीत लाल गोल काढत राहिले आणि तिला कच्ची समजले. याचे मला आजही वाईट वाटते.

सुदामानगरकर
बाई, ते सद्गृहस्थ मीच. १९४७ नंतर आलेल्यांसाठी कोणी वेगळे काय केले होते? आम्ही पुण्याहून येथे आलो, तेव्हा हजेरीत ‘काळे’चे ‘काले’ झाले आणि माझा पाचवीतला मुलगा वर्षभर शाळेत जाताना रडत असे. त्याची विचारपूस कोणी केली नाही.

निवृत्त शिक्षिका, रामबाग
त्याला देवनागरी येत होती, हा फरक आपण सोडून देता. फाळणीनंतर आलेल्यांबरोबर त्यांचे शिक्षकही आले आणि सिंधी माध्यमाच्या शाळा निघाल्या. आज सिंधी घरांतील बहुतेक नातवंडांना ती लिपी वाचता येत नाही. माझ्या वर्गात त्या मुलीला ‘पाकिस्तानी’ म्हणून हाक मारणारी मुले सिंधीच होती.

लोकमान्यनगर
लिपीचा विषय निघालाच आहे, तर आधी आपल्या घरात पाहू. होळकर दरबाराचे कागद मोडीत, माझ्या पणजोबांची पत्रे मोडीत, आणि ती उलगडून सांगणारा माणूस घरात नाही. एका पिढीने लिपी सोडली की पुढच्यांना आजोबांचे अक्षरही परके होते. मराठी शाळेत मुले पाठवायची नाहीत आणि इतरांच्या भाषेची काळजी वाहायची, हे मला पटत नाही.

सुदामानगरकर
मोडी येथे कशाला आणता? आपली पत्रे कपाटात थांबतील, मुलांची परीक्षा मार्चमध्ये आहे.

लोकमान्यनगर
थांबणार नाहीत, त्यांना वाळवी लागली आहे. आणि ज्याला मोडीचे दुःख कळले, त्यालाच त्या मुलीची वही कळेल, एवढेच मला म्हणायचे होते.

वकील, जुनी इंदूर
२००९चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक बालकासाठी आहे, त्यात नागरिकत्वाची अट नाही. कलम ४ प्रमाणे शिक्षण अर्धवट राहिलेल्या मुलाला वयानुरूप वर्ग आणि विशेष प्रशिक्षण मिळाले पाहिजे. खरी कोंडी पंधराव्या वर्षी आलेल्या मुलाची होते, कारण तो थेट नववीत बसतो आणि हा आधार त्याला मिळत नाही.

सुदामानगरकर
ठीक आहे, लिपीपुरते मान्य करतो, बाकीचे नाही. पण त्या लिपीतून देवनागरीत आणणारा शिक्षक आणणार कोठून?

निवृत्त शिक्षिका, रामबाग
सिंधी कॉलनीत ती लिपी शिकलेल्या ऐंशीच्या घरातील आजी अजून आहेत. त्यांतील एकींनी माझ्या विद्यार्थिनीला ओट्यावर बसवून दोन्ही लिप्यांत एकेक शब्द शेजारी शेजारी लिहून दिला. दिवाळीपर्यंत ‘दन’चे ‘दिन’ झाले होते.