'बँड-नॉच' अँटेनाला मराठीत काय म्हणावं?

विचारणा, रत्नागिरीहून

पदविकेच्या मुलांसाठी मराठीत टिपणं लिहितोय. धडा 'कॉम्पॅक्ट बँड-नॉच्ड अल्ट्रा-वाइडबँड अँटेना'चा. तीन-साडेतीन सेंटीमीटरच्या बोर्डावर तांब्याचा एक तुकडा असतो आणि त्याने ३.१ ते १०.६ गिगाहर्ट्झचा अख्खा पट्टा सांभाळायचा असतो. अमेरिकेच्या एफसीसीने (तिथली दळणवळण नियामक संस्था) २००२ साली हा पट्टा अगदी कमी शक्तीच्या, विनापरवाना वापराला खुला केला. पण तो रिकामा थोडाच होता! आपल्याकडचं ५जी ३.३ ते ३.६७ वर, उपग्रहांचा सी-बँड ३.७ ते ४.२ वर, वायफाय ५.१५ ते ५.८२५ च्या दरम्यान. तेवढे तुकडे सोडून बाकीचं घ्यायचं, आणि त्यासाठी वेगळा फिल्टर न लावता तांब्यातच यू आकाराचा स्लॉट कोरायचा. स्लॉटमुळे नॉच मिळतो, म्हणजे तेवढ्या तुकड्यापुरता अँटेना काम करत नाही.

अडचण इथेच आहे. दोन्हींना 'खाच' म्हटलं तर वाक्य होतं, 'खाचेमुळे खाच पडते.' मुलं हसतील. शिवाय 'अल्ट्रा-वाइड'ला अतिरुंद चालेल का? आणि इंटरफेरन्सला व्यतिकरण?

सावंतवाडीहून

सर, मी मराठीची शिक्षिका होते, अँटेना मला फक्त गच्चीवरचा ठाऊक. पण खाच ही नेहमी काठाला असते. सुतार फळीच्या कडेला खाच पाडतो. मधोमध आरपार असेल तर ती चीर किंवा फट. तुमचा यू तांब्याच्या मध्ये असेल तर 'चीर' लिहा.

व्यतिकरण नको. यंगच्या प्रयोगात पडद्यावर उजेड-अंधाराचे पट्टे पडतात ते व्यतिकरण, त्यात कोणी कोणाला त्रास देत नाही. तुमचं वायफाय मध्ये तोंड घालतंय, म्हणून 'व्यत्यय'. 'अति'चंही तसंच. अतिनील म्हणजे निळ्याच्या पलीकडचं, अतिखर्च म्हणजे प्रमाणाबाहेरचा. 'अतिरुंद' वाचलं की दुसराच अर्थ डोक्यात येतो. आणि एक विनंती, हिंदी पुस्तकातून 'आवृत्ती' उचलू नका. मराठीत आवृत्ती पुस्तकाची निघते. वारंवारताच बरी.

मालवणहून

मी बोटींवरची रडार, फिशफाइंडर, वायरलेस दुरुस्त करतो. आमचा तांडेल (बोटीचा प्रमुख) एकच शब्द वापरतो : "सिग्नल खाता." तुमचा अँटेना वायफाय खातो, असं लिहिलं तर?

जाता जाता, तुमच्या यादीत एक राहिलं. जहाजांवरचं एक्स-बँड रडार ९.४१ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतं, म्हणजे तुमच्या पट्ट्याच्या आतच. एस-बँडवालं ३.०५ च्या आसपास असतं, ते थोडक्यात बाहेर राहतं. जयगडला जहाजं येतात, तेव्हा किनाऱ्यावर काही लावणार असाल तर तोही तुकडा सोडावा लागेल.

रत्नागिरीहून

रडारची आठवण छान केलीत, उदाहरण म्हणून घेतोच. पण 'खातो' लिहिता येणार नाही. चीर फारसं काही खात नाही. त्या वारंवारतेला चिरेच्या दोन कडांवरून प्रवाह उलटसुलट दिशांना धावतात, त्यांची प्रारणं एकमेकांना मारतात, अँटेनाची संबाधा (इम्पीडन्स, प्रवाहाला होणारा विरोध) बिघडते आणि आलेली शक्ती आल्या वाटेने परत जाते. शोषण नव्हे, परतवणं.

नॉचला 'खाच' किंवा 'दरी' न म्हणण्याचं आणखी एक कारण. गेनच्या (अँटेना किती जोराने प्रक्षेपण करतो त्याच्या) आलेखात तिथे खरोखर खड्डा दिसतो. पण मुलं प्रयोगशाळेत आधी परावर्तनाचा आलेख बघतात आणि तिथे त्याच जागी टेकाड असतं, व्हीएसडब्ल्यूआर (किती लहर परत येते त्याचं माप) २ च्या वर उसळलेला. टेकाडाकडे बोट दाखवून 'ही बघा खाच' कसं म्हणू?

श्रीवर्धनहून

'बंदीपट्टा' घ्या. सोपा आहे, जाहिरातीसारखा.

सावंतवाडीहून

किनाऱ्यावर 'बंदी' म्हटलं की १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी. ती सरकार घालतं, मुदत संपली की उठते, आणि मोडणारेही निघतात. सरांच्या अँटेनात तो पट्टा घडणीतूनच सुटलेला आहे. त्याला 'वर्ज्य' म्हणा की! भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य, तेवढे सोडून राग पूर्ण. 'वर्ज्य पट्टा', आणि अँटेनाला 'पट्टावर्जी'.

रत्नागिरीहून

बाई, 'वर्ज्य पट्टा' घेतला. 'पट्टावर्जी' जरा कडक वाटतो, मी 'वर्ज्य पट्ट्याचा अँटेना' लिहीन. अल्ट्रा-वाइडबँडचं भाषांतरच करत नाही. ती व्याख्या नियमातली आहे : रुंदी निदान ५०० मेगाहर्ट्झ किंवा मध्य वारंवारतेच्या २० टक्के. 'यूडब्ल्यूबी' राहू दे. कॉम्पॅक्टला मात्र 'आटोपशीर', यावर वाद नको.

आता खाच आणि चीर. बाईंचा भेद माझ्या फार कामाचा निघाला. दोन्ही टोकं बंद असलेली चीर साधारण अर्ध्या तरंगलांबीची लागते. तीच तांब्याच्या काठाला उघडली, म्हणजे खरीखुरी खाच झाली, की पाव तरंगलांबी पुरते. एफआर-४ (काचतंतूचा नेहमीचा) बोर्ड, पारविद्युतांक (पदार्थात लहर किती आखूड होते ते ठरवणारा अंक) ४.४, बोर्ड आणि हवा मिळून परिणामी अंक ढोबळमानाने २.७ धरला तर ५.५ गिगाहर्ट्झसाठी चीर सुमारे १६.६ मिलिमीटर आणि खाच ८.३. मालवणच्या रडारसाठी चीर ९.७. जागेची मारामार असेल तिथे खाच, म्हणजे दोन शब्द दोन वस्तूंना मिळाले.

मालवणहून

आकडे ठीक, पण हे कोरड्या बोर्डाचे. पाण्याचा पारविद्युतांक ८० च्या घरात. चिरेवर दमट हवेचा, मिठाचा थर बसला की वर्ज्य पट्टा कमी वारंवारतेकडे सरकणार आणि वायफाय मोकाट सुटणार. शिवाय उघडं तांबं इथे एका पावसात हिरवं पडतं. लाखेचा हात द्या, आणि लाखेसकट मोजा.

श्रीवर्धनहून

चिरेची लांबी आतल्या कडेने धरायची की बाहेरच्या?

रत्नागिरीहून

मधल्या रेषेने, यूच्या तिन्ही बाजू मिळून. तेही पहिला अंदाज म्हणूनच. एफआर-४ चा अंक एका गठ्ठ्यातून दुसऱ्यात बदलतो, त्यामुळे सिम्युलेशनमध्ये थोडं कमी-जास्त करावंच लागतं.