एकाच स्वयंपाकघरात पोळ्याही आणि ग्लुटेनमुक्त फराळही: जमेल का?

ज्वारीची शेव: नमस्कार. मी नागपुरात राहते आणि ओळखीच्या घरांना ज्वारीची शेव, तांदळाच्या चकल्या व राजगिऱ्याच्या वड्या करून देते. सीलिअ‍ॅक आजार (यात गव्हासारख्या धान्यातले ग्लुटेन हे प्रथिन चालत नाही) असलेल्या काहींनी विचारणा केल्यापासून याच पदार्थांचा व्यवसाय करावा, असे मनात आहे. आमच्या घरी मात्र दोन्ही वेळा पोळ्या होतात, ओटा एकच आहे आणि वेगळी खोली बांधण्याइतके भांडवल आज नाही. पदार्थात गहू नाही, एवढ्या आधारावर पाकिटावर ‘ग्लुटेनमुक्त’ छापता येईल का? शिवाय सांबारवडीला (आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर) मागणी फार आहे. तिची पारी कणीक-मैद्यावाचून कशी करावी?

प्रयोगशाळेतला: तेवढ्यावर छापता येणार नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार अशा पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, आणि ही मर्यादा पाककृतीला नव्हे, तयार पदार्थाला आहे. गव्हाच्या पिठात साधारण आठ ते दहा टक्के ग्लुटेन असते, असे धरले तर किलोभर शेवेत पाव ग्रॅम कणीक मिसळली तरी मर्यादा गाठली जाते. कणीक चाळताना उडालेले पीठ हवेत बराच वेळ राहते आणि नंतर उघड्या परातीत बसते. तळल्याने ग्लुटेन नाहीसे होत नाही, त्यामुळे पुऱ्या तळलेले तेलही बाद समजावे.

एकाच ओट्यावर काम करायचेच असेल, तर आठवड्यातला एक पूर्ण दिवस घरात कणीक बाहेर काढू नये, आदल्या रात्री सगळे ओल्या फडक्याने पुसून घ्यावे, आणि सोऱ्या, चाळणी, कढई, झारा व डबे कायमचे वेगळे ठेवावेत. लाकडी पोळपाट-लाटणे कितीही घासले तरी भरवशाचे नाही. त्यानंतर नमुना एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत एलायझा या ग्लुटेन मोजण्याच्या पद्धतीने तपासून घ्यावा, आणि एका अहवालावर वर्षभर विसंबू नये. कच्चा माल बदलला की पुन्हा तपासावे. प्राधिकरणाकडील नोंदणी आणि पाकिटावरचा १४ अंकी क्रमांक तर लागतोच.

इतवारीचा फरसाणवाला: वरचे सगळे मान्य, पण ताई, खरा घात बहुतेक वेळा गिरणीत होतो. ज्या जात्यावर आधी गहू दळले, त्यावरच आपली ज्वारी पडते, आणि गिरणीवाला कितीही सज्जन असला तरी प्रत्येक गिऱ्हाइकासाठी जाते झाडून देणार नाही. घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीही टाकू नका. ज्वारी अख्खी आणून स्वतः निवडा, कारण तिच्यात गव्हाचे चुकार दाणे निघतात. तयार बेसनाऐवजी हरभऱ्याची डाळ दळा.

दुसरी गोष्ट हिंगाची. बाजारातला हिंग बहुधा बांधानी, म्हणजे इतर घटक मिसळलेला असतो, आणि त्यात पुष्कळदा मैदा किंवा कणीक घातलेली असते. तांदळाच्या पिठाचा किंवा नुसत्या डिंकाचा हिंग मिळतो. डबीवरचे घटक वाचूनच घ्या. बाजरीच्या शेवेच्या फंदात उन्हाळ्यात पडू नका, कारण बाजरीचे पीठ लवकर कडू होते आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो.

एका मुलीची आई: ग्राहक म्हणून लिहिते. माझ्या मुलीला सीलिअ‍ॅक आहे आणि तिला आयुष्यभर गहू, जव व राय वर्ज्य आहेत. अगदी थोडे ग्लुटेन गेले तरी लहान आतड्याला इजा होते, आणि पोट दुखले नाही म्हणून काही झाले नाही असे धरता येत नाही. त्यामुळे चव थोडी कमी असली तरी चालेल, पण घरात पोळ्या होतात की नाही, दळण कुठे होते आणि शेवटची तपासणी कधी झाली, हे विचारल्यावर न चिडता सांगणाऱ्या व्यक्तीकडूनच मी घेईन. तपासणी होईपर्यंत आपण ‘गहू न वापरता केलेले’ म्हणून विकले आणि आमच्यासारख्यांना स्पष्ट नकार दिला, तर त्यात मला प्रामाणिकपणाच दिसेल.

ज्वारीची शेव: सर्वांचे आभार. घरघंटी आणि वेगळा सोऱ्या आधी घेते, छपाईचे नंतर पाहते. सांबारवडीचे कोणी सांगाल का?

इतवारीचा फरसाणवाला: बेसन आणि तांदळाच्या पिठाची उकड काढून त्यात थोडे इसबगोल मळा, म्हणजे पारी तुटणार नाही. लाटण्याऐवजी प्लास्टिकच्या कागदावर थापा. कणकेच्या पारीसारखी ती ताणली जात नाही, म्हणून वड्या लहान ठेवा आणि सांबार धुऊन पूर्ण कोरडा करूनच भरा. ही वडी पाकिटात टिकणारी नाही, तेव्हा मागणी नोंदवून त्याच दिवशी करून द्या.