बोअरचं पाणी आणि नवे निऑन मासे: ड्रिप करायचं की थेट सोडायचं?

निपाणीकर
नमस्कार मंडळी. टँक २ × १ × सव्वा फूट, खडी आणि झाडं धरून पाणी साधारण ६० लिटर. स्पंज फिल्टर, १०० वॅटचा हीटर २६ अंशांवर. गप्पी-मॉली मजेत आहेत, पिल्लंही जगतात. पण बाहेरून आणलेला नवा मासा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जातो. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. पाणी बोअरचं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ६८०. आता बेळगावहून १० निऑन टेट्रा आणायचे आहेत, वाटेत दीड-दोन तास. एक दुकानदार म्हणतो, पिशवी १५ मिनिटं तरंगवा आणि सोडा. दुसरा म्हणतो, दोन तास थेंब-थेंब पाणी दिल्याशिवाय सोडूच नका. कुणाचं ऐकू? असेच मरालेत तर पैसे पाण्यात की.

टिळकवाडी_टँक
आधी टँकमधल्या पाण्याचा टीडीएस मोजून सांगा, बोअरचा नको. वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी, क्षार मागे राहतात. घट बोअरनेच भरत गेलं की टँकचा आकडा बोअरच्याही वर चढतो. जुन्या माशांना ती वाढ हळूहळू अंगवळणी पडते, नव्याच्या अंगावर ती एकदम येते.

दुकानदारांचं म्हणाल तर पिशवी किती वेळ बंद होती त्यावर उत्तर ठरतं. बंद पिशवीत माशाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच खाली येतो. कल्ल्यांतून अमोनियाही सुटत असतो, पण पीएच खाली असेपर्यंत तो बहुतेक अमोनियमच्या रूपात राहतो आणि माशाला फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच वर येतो आणि त्याच अमोनियमचा विषारी अमोनिया होऊ लागतो. २५ अंशांना पीएच ७ असेल तर विषारी भाग जेमतेम अर्धा टक्का, पीएच ८ ला पाच टक्क्यांच्या वर. त्यात तुमचं बोअरचं पाणी अल्कधर्मी असणार. रात्रभर प्रवास केलेल्या पिशवीत ते थेंब-थेंब सोडणं म्हणजे माशाला त्याच घाणीत बसवून वरून पीएच वाढवणं. फक्त अँटीक्लोरीन टाकून इथे उपयोग नाही, ते क्लोरीन मारतं, अमोनियाला हात लावत नाही.

म्हणून चेन्नईच्या कोळत्तूरकडून (शोभेच्या माशांची बाजारपेठ) पार्सलने थेट घरी आलेली पिशवी असेल तर तापमान जुळवा, उघडा, जाळीने उचला आणि लगेच सोडा. मात्र ज्या पाण्यात सोडणार ते टीडीएस जुळवून आधीच तयार हवं. बेळगाव-निपाणीसारखी दोन तासांची पिशवी असेल तर ड्रिप चालतं. एअर पंपाच्या बारीक नळीला सैल गाठ मारा, सेकंदाला २-३ थेंब पडू द्या, पिशवीतलं अर्धा लिटर पाणी साधारण तासाभरात दुप्पट होतं. पण दुकानाचं पाणी समजा १५० टीडीएसचं असलं, तर तिथून ६८० गाठायला तेवढ्याने काय होणार? पाणी दुप्पट झालं तरी आकडा ४१५ वर. आणि माशाच्या शरीराला क्षारांचा तोल बसवायला दिवस लागतात, तासांत ते होत नाही.

खानापूर_विहीर
आमच्या बाजूला उलटं दुखणं. जांभ्या दगडातलं विहिरीचं पाणी मऊ, टीडीएस एकदम कमी. दुकानात जड पाण्यात राहिलेला मासा इथे एकदम सोडला की शरीरात पाणी शिरतं आणि तो फुगल्यासारखा होऊन बसतो. जडातून मऊ पाण्यात एकदम जाणंही धोक्याचंच. शिवाय मऊ पाण्यात पीएच टिकत नाही, म्हणून फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत मूठभर शिंपल्यांचे तुकडे ठेवायचे. मासे मरूलेत म्हणून घाईत खायचा सोडा टाकू नका, पीएच एका तासात उडी मारतो.

निपाणीकर
मोजलं. टँक ८४०! दुकानात फोन केला, त्यांच्या टाकीत १६०. घरात आरओ आहे, त्याचं ३०. आरओने टँक आजच खाली आणू का?

टिळकवाडी_टँक
एकदम नको, जुने मासे ८४० ला बसलेत. आठवड्याला २० टक्के पाणी बदला, नवं पाणी अर्धं बोअर अर्धं आरओ, म्हणजे ३५५. वाफेची घट फक्त आरओने भरा. दोन-तीन महिन्यांत टँक साडेतीनशे-चारशेत येईल. मॉलीला जड पाणी आवडतं, पण एवढं तिला चालतं.

निऑन त्या टँकमध्ये पहिल्या दिवशी सोडायचेच नाहीत. २५-३० लिटरचा प्लॅस्टिकचा टब घ्या, झाकणासह, निऑन उडी मारतात. त्यात ५ लिटर बोअर आणि २० लिटर आरओ. हिशेब करून बघा, बरोबर १६० येतो. बोअरचं पाणी आदल्या दिवशी बादलीत काढून एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून ठेवा. ताज्या बोअरमध्ये कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, हवा लागली की पीएच चढतो, म्हणून लगेच मोजलेला पीएच फसवा असतो. टबात ५० वॅटचा हीटर २६ वर, आणि स्पंज फिल्टर तुमच्या टँकमध्ये तीन-चार आठवडे आधीपासून चालवलेला. कोरा स्पंज लावलात तर अमोनिया टबातच तयार होईल.

घरी आल्यावर लाइट बंद करा. पिशवी टबात २० मिनिटं तरंगवा, मग उघडून पिशवीचा टीडीएस मोजा. ३०-४० चाच फरक असेल तर मऊ जाळीने उचला आणि सोडा, ड्रिपची भानगड नको. पिशवीचं पाणी मोरीत. पांढऱ्या ठिपक्यांचे जंतू त्याच पाण्यातून टँकमध्ये येतात. पहिला दिवस खायला काही नको.

तिसऱ्या दिवसापासून रोज अडीच लिटर काढून अडीच लिटर बोअर घाला. पहिल्या दिवशी आकडा ५२ ने वाढतो, पुढे वाढ आपोआप कमी होत जाते. पाच-सहा दिवसांत तो चारशेच्या आसपास येतो. तिथे थांबा, मग अर्ध्या-अर्ध्याच्या मिश्रणाने पाणी बदलत तीन-चार आठवडे टबातच ठेवा. तोवर टँकही खाली आला नसेल तर निऑन टबातच राहतील, घाई नको.

शहापूर_गल्ली
दोन गोष्टी राहिल्या. आरओला टीडीएस कंट्रोलर असेल तर आकडा मध्येच बदलतो, दर वेळी मोजा. आणि हल्ली तांब्याचं पाणी देणारे आरओ आलेत, ते नको. मऊ पाण्यात तांबं माशाला लवकर बाधतं, कोळंबी-गोगलगायी तर जातातच.

दुसरं मीठ. नवा मासा आला की मूठभर मीठ टाकायची आपल्याकडे सवय. लिटरला १ ग्रॅम मीठ म्हणजे टीडीएस जवळजवळ १००० ने वर, वरची सगळी मेहनत वाया. ठिपके दिसले तरच औषध, तेही टबात, आणि पाकिटावरच्या मात्रेच्या अर्ध्याने सुरुवात. निऑन औषधाला नाजूक.

आणि मरण्याची वेळ लिहून ठेवा. काही तासांतच वर तोंड काढून धापा टाकत गेला तर अमोनिया-पीएच. तुमच्यासारखं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, अंगावर काही नसताना, तर बहुधा टीडीएसचा धक्का. चौथ्या दिवसानंतर ठिपके, कापसासारखं काही किंवा पंख झडलेले दिसले तर रोग बहुधा दुकानातूनच आला.

खानापूर_विहीर
दुकानात माल कधी आला हेही विचारा. पेटी काल उघडली असेल तर घेऊ नका, आठवडाभर दुकानात टिकलेले घ्या. डिसेंबर-जानेवारीत बेळगावची पहाट १४-१५ अंशांवर येते, गाडीच्या हँडलला पिशवी लटकवून निपाणी गाठेपर्यंत पाणी गार होतं. थर्माकोलचा डबा झाकण लावून न्या. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन, तोंडाने फुगवलेली पिशवी परत द्या.

निपाणीकर
स्पंज आज टँकमध्ये टाकतो. म्हणजे निऑन आता पुढच्या महिन्यात. तोवर प्लॅटी आणल्या तर?

टिळकवाडी_टँक
प्लॅटीला जड पाणी मानवतं, तुमच्या टँकला निऑनपेक्षा तीच सोयीची. पण १६० च्या पाण्यातून आणलीत तर तिलाही टबातूनच न्या. दोन माद्यांना एक नर.