इंग्रजीत कालची गोष्ट सांगताना ‘हॅड’ कधी लावायचं?

सई: मामा, कंपनीला मेल करायचाय. ‘मी काल फोन केला होता’ यासाठी ‘आय हॅड कॉल्ड यू यस्टरडे’ लिहू ना?

मामा: ‘हॅड’ काढ. ‘आय कॉल्ड यू यस्टरडे’ एवढंच. आपण ‘केला होता’ सुटंही म्हणतो, पण इंग्रजीत ‘हॅड’ला सोबत भूतकाळातलीच दुसरी घटना लागते. दोन्हींपैकी जी आधी घडली तिला ‘हॅड’.

मावशी: सई, ही तीन वाक्यं बघ.
व्हेन आय रीच्ड, दे लेफ्ट – मी पोचल्यावर ते निघाले.
व्हेन आय रीच्ड, दे वर लीव्हिंग – मी पोचले तेव्हा निघतच होते.
व्हेन आय रीच्ड, दे हॅड लेफ्ट – मी पोचायच्या आत गेले होते, भेट झालीच नाही.

मामा: नेमकं. आणि घटना घडल्या त्याच क्रमाने सांगत असशील तर ‘हॅड’ची गरजच पडत नाही. ‘आफ्टर’, ‘बिफोर’ असले तरी बहुतेक वेळा साधा भूतकाळ पुरतो. मागे वळून आधीचं सांगायचं असेल तेव्हाच ते कामाला येतं.

सई: मग असं? ‘आय कॉल्ड यू यस्टरडे, बट युवर ऑफिस हॅड ऑलरेडी क्लोज्ड.’

मामा: उत्तम. ऑफिस आधी बंद झालं, फोन नंतर केलास.

सई: आणि पुढे ‘आय हॅव पेड द बिल ऑन मंडे’?

दादा: इथे बहुतेक जण चुकतात. ‘ऑन मंडे’ आलं की ‘हॅव’ गेलं. यस्टरडे, लास्ट वीक, टू डेज अगो, इन २०१९, अशी संपलेली वेळ दिसली की साधा भूतकाळ: ‘आय पेड द बिल ऑन मंडे.’ वेळ न सांगता फक्त ‘भरलंय, आता बाकी नाही’ एवढंच कळवायचं तर ‘आय हॅव पेड द बिल’. प्रश्नातही तेच, ‘व्हेन हॅव यू पेड’ नाही, ‘व्हेन डिड यू पे’.

मावशी: ‘आय हॅव लिव्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ म्हणजे अजून इथेच राहतेय. ‘हॅव’ काढलं तर इथलं राहणं संपलं. वाचणारा त्यावरून सरळ वेगळा अर्थ लावतो, म्हणून हे जपायचं.

दादा: ‘जस्ट’, ‘ऑलरेडी’ असेल तर ब्रिटिश वळणात ‘हॅव’ लावतात. अमेरिकन बोलण्यात साधा भूतकाळही सर्रास चालतो.

काका: ‘डिड’नंतर मूळ रूपच. ‘डिडंट वेंट’ नको, ‘डिडंट गो’. भूतकाळ ‘डिड’मध्ये येऊन गेलेला असतो. आणि ‘आय वॉज नोइंग’ही नको, ‘आय न्यू’. नो, बिलीव्ह, बिलाँग या क्रियापदांना ‘आयएनजी’ सहसा लागत नाही.