मदत हवी आहे: १ कप मैदा म्हणजे नक्की किती ग्रॅम? (अर्जंट)

स्वरा_ठाणे: केकची रेसिपी कपात आहे, माझ्याकडे कप नाहीत, वजनकाटा आहे. १ कप मैदा म्हणजे किती ग्रॅम? नेटवर कुठे १२०, कुठे १२५, कुठे १५०, डोकं फिरलंय. साखर आणि कोकोचं पण सांगा. केक उद्या संध्याकाळी हवाय.

निमाकाकू: अगं काटा कशाला, आमटीची वाटी घे आणि सगळं त्याच वाटीने मोज. माझा रव्याचा केक कायम असाच होतो, तोही कुकरमध्ये, तळाला मीठ घालायचं, शिट्टी आणि रिंग काढायची, मंद गॅस.

पराग७७: १ कप = २५० ग्रॅम. सोपं आहे.

मंदार_के: पराग, ते पाण्याचं. २५० मिलीच्या कपात मैदा २५० ग्रॅम बसूच शकत नाही, हलका असतो. आणि काकू, वाटी तेव्हाच चालते जेव्हा सगळं वाटीनेच असतं. बटर ग्रॅमात दिलेलं असलं आणि अंडी नगावर असली की वाटीप्रमाणे ती लहानमोठी होत नाहीत.

निमाकाकू: आमच्या वेळी कोणी काटे घेऊन बसत नव्हतं, तरी केक फुगायचेच.

गौरी_बेक्स: १२० ते १२५ धर. कप डब्यात खुपसून भरला तर मैदा दाबला जातो आणि १४० च्या वर जातो, म्हणून चमच्याने सैल भरून वरून सुरी फिरवायची. साखर २००.

मंदार_के: हे अमेरिकन कपाचं झालं, तो साधारण २४० मिलीचा. रेसिपी कुठली आहे ते तिने सांगितलंच नाहीये. स्वरा, पूर्ण रेसिपी टाक ना.

स्वरा_ठाणे: रेसिपीने काय फरक पडतो, मैदा तो मैदाच ना? बरं घ्या. मार्बल केक आहे, रेसिपी वहिनीने मेलबर्नहून पाठवलीये. १२५ ग्रॅम बटर, १ कप कॅस्टर शुगर (बारीक दाण्याची साखर), २ अंडी, २ कप सेल्फ रेझिंग फ्लार, पाऊण कप दूध, २ टेबलस्पून कोको.

मेलबर्नकर: मग फरक पडतो! इकडचा कप २५० मिलीचा आणि १ कप मैदा १५० ग्रॅम धरतात, म्हणजे तुझा ३००. १२० ने घेतला असतास तर ६० ग्रॅम कमी पडला असता. कॅस्टर शुगर २२० ग्रॅम. साधी साखर तेवढीच वजन करून मिक्सरला एकदा फिरव, वजन बदलत नाही, पण पिठीसाखर कपाने मोजू नकोस, ती फार हलकी भरते. दूध १९० मिली. टेबलस्पूनही इकडे २० मिलीचा असतो, बाकी बहुतेक ठिकाणी १५ चा, तेव्हा कोको १५ ग्रॅमच्या आसपास.
आणि मुख्य म्हणजे सेल्फ रेझिंगमध्ये बेकिंग पावडर आधीच मिसळलेली असते. नुसता मैदा घेतलास तर केक बसेल. कपामागे २ टीस्पून, म्हणजे एकूण ४ टीस्पून घालून मैदा दोनदा चाळ.

शलाका: अंड्याऐवजी दही किती घालायचं? आमच्याकडे अंडं चालत नाही.

मंदार_के: शलाका, नवा धागा काढ प्लीज.

स्वरा_ठाणे: बापरे, बेकिंग पावडरचं वहिनी बोललीच नाही, तिला वाटलं असेल मला माहितीये. ४ टीस्पून म्हणजे किती ग्रॅम?

गौरी_बेक्स: ती काट्यावर नको घेऊस. घरगुती काटा १ ग्रॅमच्या टप्प्याने दाखवतो, एवढ्याशा पावडरीला ते फार ढोबळ होतं. खोकल्याच्या औषधाबरोबर ५ मिलीच्या खुणेचं झाकण येतं ना, ते धुऊन कोरडं कर आणि खुणेपर्यंत चार वेळा भर, दाबू नकोस.

पराग७७: तरी मी २५० वरच ठाम आहे, आमच्या मेजरिंग कपावर स्पष्ट छापलंय.

मेलबर्नकर: मिली छापलं असेल, बघा परत.

निमाकाकू: स्वरा, बटर मिठाचं असेल तर वरून मीठ घालू नकोस हो.