मदत हवी आहे: बीएफ ११० च्या नाकावरच्या अँटेना

मंडळी, मेसरश्मिट बीएफ ११० जी-४ या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रात्रीच्या लढाऊ विमानाचं १:७२ स्केलचं (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) मॉडेल जोडतोय. अडलंय ते नाकावरच्या लिख्टेनश्टाइन एसएन-२ रडारपाशी. किटमधल्या प्लास्टिकच्या अँटेना या स्केलला फारच जाड दिसतात. पितळी तारेने नव्या कराव्या म्हणतो. ०.३ मिमीची तार चालेल का? चारही फांद्या एका रेषेत धरायला जिग (पकडून ठेवणारा साचा) कशाचा करता? सोल्डर बरं की सुपरग्लू?

दुसरं म्हणजे रंग. फिकट निळसर आरएलएम ७६ वर (आरएलएम म्हणजे तेव्हाच्या जर्मन हवाई मंत्रालयाचे रंगांचे क्रमांक) आरएलएम ७५ चे करडे ठिपके द्यायचेत. (घरचे विचारतात, रात्रीचं विमान काळं का नाही? अहो, काळं उलट आकाशात उठून दिसायचं!) एअरब्रश नाही. स्पंजने मऊ कडा जमतात का? कुणी केलं असेल तर फोटो टाका.