'वैध वैधता' कशी टाळू?

अनुवादिनी : राज्यशास्त्राच्या नोट्स मराठीत करतेय. सत्ता लोकांना रास्त का वाटते, याचे मॅक्स वेबरने तीन आधार सांगितलेत : परंपरा, नेत्याचा करिश्मा आणि कायदा. या रास्तपणाला, म्हणजे लेजिटिमसीला, मी वैधता लिहीत सुटले. पारंपरिक वैधता, करिश्म्याची वैधता... आणि तिसऱ्या खणात, लीगललाही वैधच म्हणतात म्हणून, 'वैध वैधता'! कुर्ल्याला लोकल रखडली होती, एकटीच हसत बसले. काय लिहू?

नेमस्त : अधिमान्यता. राज्यशास्त्रात हा शब्द रुळलाय. 'कायदेशीर अधिमान्यता' लिहा, विषय संपला.

गिरगावकर : संपला कसा? अधिमान्यता म्हटलं की कॉलेजला वरून मिळालेला शिक्क्याचा कागद दिसतो. इथे मान्यता खालून वर जायला हवी. लोकमान्यता म्हणा. टिळकांना ती कुठल्या कचेरीने दिली नव्हती.

नेमस्त : ती लोकप्रियता झाली. लोकांना न आवडणाऱ्या सरकारचाही कर आपण मुकाट भरतोच की.

मोडीवाचक : शिवाजी महाराजांकडे १६७४च्या आधीही किल्ले होते, फौज होती, वसूल येत होता. मग रायगडावर राज्याभिषेक कशाला? त्यातून जे मिळवायचं होतं, तोच तुमचा शब्द. मी 'अधिष्ठान' म्हणेन. कारभारातले फारसी शब्दही तेव्हाच बदलले : सुरनिसाचा सचिव झाला, वाकनिसाचा मंत्री.

खटपट्या : म्हणजे मंत्रालय ही वाकनिसाची कचेरी! १९७५मध्ये सचिवालयाची पाटी बदलून मंत्रालय झाली, पण आमचे वडील शेवटपर्यंत कंडक्टरकडे 'एक सचिवालय' असंच तिकीट मागायचे. कंडक्टरही निमूट फाडायचा.

गिरगावकर : एवढं करून 'सरकार' फारसीच राहिला ना? दिल्लीत भारत सरकार, आपल्याकडे महाराष्ट्र शासन. माझी आजी शासन म्हणजे शिक्षा समजायची. गाडीवर ती अक्षरं दिसली की म्हणायची, "कोणाला करायला निघालेत?"

मोडीवाचक : म्हणूनच मायबाप सरकार म्हणतात. मायबाप शासन ऐकलंय कधी?

खटपट्या : आणि हिंदीतलं राष्ट्रपती शासन आपल्याकडे राष्ट्रपती राजवट होतं. प्रजासत्ताकात राजवट!

नेमस्त : राजवट म्हणजे अंमल, त्यात राजा लागत नाही. उगाच फोड करू नका.

अनुवादिनी : अहो, माझा तिसरा खण? 'कायद्याचं अधिष्ठान' झकास बसलं, मोडीवाचक. पण पुढच्याच ओळीत 'लेजिटिमेट राजा' आहे. अधिष्ठित राजा म्हणजे नुसता गादीवर बसलेला वाटतोय.

मोडीवाचक : विशेषणाचं बघायला हवं.

खटपट्या : सचिवालयाच्या तिकिटाला तेव्हा किती पैसे पडायचे, आठवतंय का कोणाला?